स्टॉल नको, चूल द्या

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर कॅम्पसमध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये एका भारतीय संशोधक विद्यार्थ्याने विभागातल्या मायक्रोवेव्हमध्ये दुपारचा डबा गरम करायला ठेवला. डब्यात पालक पनीर होतं. कार्यालयातल्या कर्मचाऱ्याने वासाची तक्रार केली, विद्यार्थ्याने सामायिक जागा वापरण्याचा आपला हक्क सांगितला, आणि एवढ्याशा कुरबुरीतून वाढत गेलेलं प्रकरण न्यायालयात पोहोचलं. त्याची जोडीदार, तीही तिथलीच संशोधक, त्याच्या बाजूने उभी राहिली. सप्टेंबर २०२५ मध्ये विद्यापीठाने २ लाख डॉलरवर तडजोड केली. चूक मात्र कबूल केली नाही. दोघांना पदव्युत्तर पदवी मिळाली आणि त्या विद्यापीठाचे दरवाजे पुढच्यासाठी बंद झाले. गंमत अशी, की हा सगळा प्रकार घडला तो मानववंशशास्त्र विभागात. जगभरच्या माणसांच्या चालीरीती, खाणंपिणं, सणवार यांचा अभ्यास करणं हेच ज्याचं काम, त्या विभागात.

बातमी इकडे आली तेव्हा समाजमाध्यमांवर संताप उसळला. तो रास्तच होता. २०२३-२४ या एका शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी शिकत होते, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांच्या बॅगेत घरच्या मसाल्याची पुडी असणारच. आमच्या जेवणाला नाक मुरडणारे हे कोण, असं घरोघरी विचारलं गेलं. पण हाच प्रश्न आपल्याकडे वळवला, की जीभ जरा अडखळते. दिल्ली पोलिसांनी २००७ मध्ये ईशान्य भारतातून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सुरक्षेच्या सूचनांची एक पुस्तिका काढली होती. मुलींच्या कपड्यांपासून सुरू झालेल्या त्या सूचना थेट स्वयंपाकघरात शिरल्या: बांबूचे कोंब, अखुनी असले उग्र वासाचे पदार्थ करताना शेजारीपाजारी गोंधळ होणार नाही याची काळजी घ्या. अखुनी म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. नागालँडमधल्या सुमी नागांच्या घरात ते आपल्याकडच्या लसणीच्या चटणीइतकं रोजचं. निकोलस खारकोंगोर यांनी त्यावर ‘अखुनी’ (Axone) नावाचा चित्रपटच केला. मैत्रिणीच्या लग्नासाठी हा एक पदार्थ शिजवायला दिल्लीत जागा शोधत फिरणाऱ्या तरुणांची ती गोष्ट.

मराठी माणसाने तर यात फार सोवळं राहू नये. मुंबईतल्या शाकाहारी सोसायट्या मासे खाणाऱ्या मराठी कुटुंबाला घर देत नाहीत म्हणून आपण तावातावाने बोलतो, आणि बोलायलाच हवं. मात्र सुकट-बोंबील भाजल्याच्या वासावरून हिणवलं गेलेलं कोकणातलं पोर पुण्याच्या खोलीत मणिपुरी सोबत्याने ङारी, म्हणजे आंबवलेली मासळी, उघडली की खिडकी उघडायला धावतं. वास नेहमी दुसऱ्याच्याच डब्याला येतो.

हे सगळं आठवायचं कारण, डिसेंबर ते फेब्रुवारी हा आपल्या महाविद्यालयांमधला गॅदरिंगचा आणि त्यातल्या ‘फूड फेस्टिव्हल’चा हंगाम. मैदानात मांडव उभा राहतो, राज्याराज्याचे किंवा देशोदेशीचे स्टॉल लागतात, कूपनं विकली जातात, प्राचार्य प्रत्येक ताटातला एकेक घास चाखून पहिला, दुसरा, उत्तेजनार्थ असे क्रमांक जाहीर करतात. ईशान्येकडच्या आठ राज्यांच्या वतीने मोमो हजर असतो. दक्षिणेच्या पाच राज्यांसाठी इडली-डोसा पुरतो. महाराष्ट्राच्या स्टॉलवर नऊवारी नेसलेली मुलगी आणि पुरणपोळी. तीही बहुधा बाहेरून मागवलेली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो आणि ‘खाद्यसंस्कृतीची देवाणघेवाण’ असा मथळा पडतो.

यात वाईट काहीच नाही. पोरं हसतात, खातात, फोटो काढतात. बाजारात जायचं, पातेली जमवायची, हिशेब ठेवायचा, हे ज्यांनी स्वतः केलं ती मुलं काहीतरी शिकतातही. पण देवाणघेवाण हा शब्द जरा जास्तच होतो. स्टॉलवर गिऱ्हाईक असतं आणि विक्रेता असतो. आवडलं तर पुढचं कूपन, नाही आवडलं तर पुढचा स्टॉल. ज्याचं खाणं आपण चाखलं त्याच्याशी उद्यापासून एका टेबलावर बसायचं बंधन नाही, त्याच्या भांड्याचा वास आपल्या खोलीत येणार नाही, आणि त्याने उपासाच्या दिवशी काय खावं हा प्रश्नही पडणार नाही. विद्यार्थ्यांनी एकमेकांची संस्कृती जेवणातून ओळखावी असं खरोखर वाटत असेल, तर वर्षातल्या एका दिवसाच्या मांडवाकडे नव्हे, उरलेल्या दिवसांच्या मेसकडे पाहावं लागेल.

पुण्याला हे सांगायची गरज पडू नये. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये भारतात ४६ हजार ८७८ परदेशी विद्यार्थी शिकत होते, १७० देशांमधून आलेले. त्यांत नेपाळचे सर्वाधिक, जवळजवळ २८ टक्के. मग अफगाणिस्तान, अमेरिका, बांगलादेश. यांच्यातले पुष्कळ पुण्यात येतात, आणि या शहरातली एक मोठी शिक्षणसंस्था तर एका आजारी परदेशी विद्यार्थ्याच्या जेवणावरून सुचली. डॉ. शां. ब. मुजुमदार तेव्हा फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत आणि मुलांच्या वसतिगृहाचे रेक्टर होते. एक मुलगी वसतिगृहाच्या खिडकीतून एका मुलाला काहीतरी देते, हे त्यांच्या नजरेला पडलं. मुलींना त्या भागात येण्याची बंदी. काळ साठच्या दशकातला, तेव्हा रेक्टरच्या मनात काय आलं असेल ते सांगायला नको. चौकशी केली तर कळलं, मुलगा मॉरिशसचा, त्याला कावीळ झालेली, मेसचं जेवण चालत नव्हतं, आणि ती मुलगी त्याच्यासाठी डबा आणत होती. परक्या देशात आजारी पडलेल्या पोराला खायला कोण घालतं याची वसतिगृहाला दादच नव्हती. ही हकिगत मुजुमदारांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. १९७१ मध्ये त्यांनी सिंबायोसिस सुरू केली ती परदेशी विद्यार्थ्यांना इथे आपलंसं वाटावं म्हणून.

आता या गोष्टीतला पदार्थ कोणता होता, कुणाच्या परंपरेतला होता, हे कुणालाच माहीत नाही आणि कुणी विचारतही नाही. कावीळ झालेल्या माणसाला पचेल असं काहीतरी साधं असणार. तरी स्टॉलवरच्या पदार्थांपेक्षा जास्त ओळख त्या डब्यातून झाली असणार.

महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या जेवणाचा प्रश्न याहून कितीतरी जुना आणि कडवट आहे. पुण्यात शिकायला आलेला गरीब ब्राह्मण मुलगा माधुकरी मागायचा किंवा वार लावून जेवायचा: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. शिक्षण घडवणारी ती मोठीच सोय होती, पण ती जातीच्या कुंपणातली. बाकीच्यांना कोण जेवू घालणार? कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहं काढली. मराठ्यांचं, जैनांचं, मुसलमानांचं, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. चुली वेगवेगळ्या ठेवाव्या लागल्या, कारण त्याशिवाय मुलं आलीच नसती. त्या वेगळ्या चुलींनी बहुजनांची पहिली पिढी शिकवली, हे विसरून चालणार नाही.

त्याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहणारा एक विद्यार्थी मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला गेला. परत आल्यावर त्याला सांगण्यात आलं, आधी अंघोळ कर, मग भोजनगृहात ये. त्याने अंघोळ करायला नकार दिला आणि बोर्डिंग सोडावं लागलं. तो मुलगा म्हणजे भाऊराव पाटील. पुढे १९१९ मध्ये त्यांनी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, आणि तिथे एकच चूल ठेवली. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सगळी पोरं तिथे एकत्र राहायची. दळण, लाकूडफाटा, भाकऱ्या थापणं, वाढणं हे सगळं त्यांनीच पाळीपाळीने करायचं. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्याच्या कर्मठ जैन घरातल्या. त्यांना हे पचायला जड गेलं, पण मग त्याच या मुलांची आई झाल्या. वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही त्यांनी मोडायला दिलं. १९२७ मध्ये गांधीजी तिथे आले आणि वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव त्यांच्या हस्ते दिलं गेलं.

या गोष्टीची थोरवी नेहमी गायली जाते. तिच्यातला व्यवहार मात्र कुणी नीट पाहत नाही. भाऊरावांनी मुलांना शेजारी बसवून भाषण दिलं नाही, काम दिलं. ज्याच्या हातची भाकरी खायची त्याच्याच शेजारी उद्या चुलीपाशी बसून फुंकर मारायची. एकाच्या गावी बाजरीची भाकरी, दुसऱ्याच्या घरी ज्वारीची; एकाला कोरड्यास झणझणीत हवं, दुसऱ्याला बेताचं. हे तंटे सोडवताना जी ओळख होते ती पाटीवर लिहून होत नाही. त्या काळात नुसता चहासुद्धा महागात पडायचा. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताचा प्रश्न सोडवावा लागला होता. त्यानंतर तीस-पस्तीस वर्षांतच साताऱ्यात एका कढईतली आमटी चालू झाली.

एवढ्याने काम भागतं का? नाही. आणि ‘नाही’ हे सांगणारा माणूसही महाराष्ट्रातलाच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या भाषणात, जे लाहोरला व्हायचं होतं आणि झालंच नाही, स्पष्ट मांडलं, की कितीतरी जातींमध्ये रोटीव्यवहार चालतो, तरी त्याने जातीची भावना मरत नाही. हे ते ऐकीव ज्ञानावर बोलत नव्हते. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथल्या वसतिगृहातलं जेवण त्यांना रुचेना, मग ते कॉस्मोपॉलिटन क्लबात राहिले आणि पुढे नवल भथेना या पारशी मित्राबरोबर एका खोलीत. ही मैत्री जन्मभर टिकली. पुढे लंडनला पैशाची ओढाताण इतकी, की रात्री अभ्यासाला बसताना ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून खायचे, असं त्यांचे चरित्रकार लिहितात. जेवणावाचून आणि जेवणाबरोबर माणसं कशी जवळ येतात, कशी दूर ठेवली जातात, हे त्यांच्याइतकं कुणी अनुभवलं नसेल. म्हणूनच त्यांचा इशारा गंभीरपणे घ्यायला हवा. एका ताटात जेवलं म्हणजे सगळं मिटलं, असं मानणारे लोक त्या ताटाचा फोटो काढून मोकळे होतात.

मात्र उलट बाजूही तितकीच खरी. सहभोजनाने सगळं साधत नाही, पण ते थांबवलं की बिघडायला वेळ लागत नाही. मुंबईच्या आयआयटीत जुलै २०२३ मध्ये एका वसतिगृहाच्या कँटीनमध्ये ‘इथे फक्त शाकाहारींनी बसावं’ अशी भित्तिपत्रकं लागली. त्यावर ओरड झाली. मग काही आठवड्यांतच तीन वसतिगृहांच्या सामायिक मेसमध्ये सहा टेबलं शाकाहारींसाठी अधिकृतपणे राखून ठेवली गेली, आणि त्या टेबलावर बसून निषेध करणाऱ्याला १० हजार रुपये दंड झाला. दिल्लीतल्या साउथ एशियन युनिव्हर्सिटीचं तर प्रयोजनच सार्क देशांतल्या मुलांनी एकत्र शिकावं, राहावं हे. तिथे फेब्रुवारी २०२५ मध्ये महाशिवरात्रीच्या दिवशी मेसमध्ये मासे वाढण्यावरून हाणामारी झाली.

शाकाहारी विद्यार्थ्याची अडचण खोटी नाही, हे आधी मान्य करायला हवं. जैन घरातून आलेल्या मुलीला समोरच्या ताटातलं हाड पाहून खरोखर मळमळतं. तिला ‘मागासलेली’ म्हणणं हाही उद्धटपणाच. स्वयंपाकाची भांडी वेगळी, पळी वेगळी, वाढायची खिडकी वेगळी, कांदा-लसणाशिवायची एक भाजी रोज, मुसलमान विद्यार्थ्यासाठी हलालची खात्री, उपासाच्या दिवशी वरीचा भात: हे सगळं मेसने करावं, त्यात कुरकुर नको. बाक मात्र एकच हवा. पळी वेगळी ठेवल्याने अन्नाची शुद्धता राखली जाते. बाक वेगळा केला, की माणसाचीच शुद्धता मोजायला सुरुवात होते. महाराष्ट्राला हा फरक शिकवणीशिवाय कळायला हवा. आपल्याकडे पाणवठ्यापासून पंगतीपर्यंत सगळं वेगळं ठेवून झालेलं आहे.

मेस मोडून टाकणं हा दुसरा सोपा उपाय. राज्य सरकारने २०१८ मध्ये आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांमधल्या मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्यांच्या खात्यात टाकायचं ठरवलं. हिशेबाला ते सुटसुटीत. पण जुलैमध्ये विद्यार्थीच पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. पैसे वेळेवर येत नाहीत, बाहेरच्या खानावळी परवडत नाहीत, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. त्या सगळ्या खऱ्याच. जोडीला आणखी एक गोष्ट गेली, जिचा उल्लेख सरकारी कागदात असण्याचं कारणच नव्हतं. भामरागडची माडिया मुलं, नंदुरबारची पावरा आणि भिल्ल मुलं, पालघरची वारली मुलं एरवी एकमेकांच्या वाटेला कधी येतात? वसतिगृहाची पंगत ही त्यांची भेटण्याची जागा होती. नंदुरबारच्या बंटी-मोर या भरडधान्यांची गडचिरोलीच्या लाल मुंग्यांच्या चटणीशी गाठ पडायची तर ती तिथेच. खात्यात जमा झालेल्या रकमेतून प्रत्येकाने आपापला वडापाव घेतला, की तो विषय संपला.

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात इतकं अंतर आहे, तर बाहेरच्यांची काय कथा! तरीही गंमत अशी, की आपण ज्याला परकं म्हणतो ते आपल्या ताटात केव्हाच येऊन बसलेलं असतं. पुण्यात शिकणाऱ्या सुदानी विद्यार्थ्याला घरमालक सहजी खोली देत नाही. तोच घरमालक रात्री ज्वारीची भाकरी चुरून खातो. ज्वारी हे मूळचं पूर्व सुदानच्या परिसरातलं धान्य. पाच हजार वर्षांपूर्वी माणसाने ते तिथे लागवडीला आणलं आणि पुढे ते समुद्र ओलांडून आपल्याकडे आलं. बाजरी आली पश्चिम आफ्रिकेतल्या साहेलच्या कोरड्या पट्ट्यातून. नाचणी आली इथिओपिया-युगांडाच्या डोंगराळ भागातून. देशाची ज्वारी, खानदेश-नगरची बाजरी, कोकणाची नाचणी: भाकरीच्या तिन्ही घराण्यांचं माहेर आफ्रिका. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून आपण गाजावाजा करून साजरं केलं, ‘आपलं प्राचीन श्रीअन्न’ म्हणून फलक लावले. एकाही महाविद्यालयाला सुदानी मुलाला बोलावून किसरा करून दाखव म्हणावंसं वाटलं असेल का? ज्वारीचं पीठ आंबवून तव्यावर पातळ पसरायचं आणि चटकन उचलायचं, असा तो पदार्थ. मालवणी घावन घालणारी कुठलीही बाई एका दृष्टिक्षेपात सांगेल, की तवा नीट तापलेला नाही. इथिओपियाचा इंजेरा टेफ नावाच्या बारीक दाण्याच्या पिठाचा, पण आंबवण्याचं शास्त्र आंबोळीच्या जवळचं. नायजेरियन विद्यार्थी ज्या कसाव्याची गारी करतो, त्याच कंदाचा आपला साबुदाणा; तमिळनाडूत सेलमच्या कारखान्यांत बनून आपल्या एकादशीला येतो.

एकादशीचा विषय निघालाच आहे, तर उपासाचं ताट जरा बारकाईने पाहावं. कसावा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा आणि शेंगदाणाही तिथलेच. मिरची, रताळं आणि राजगिराही अमेरिका खंडातून आलेले. तूप वगळलं तर साबुदाण्याच्या खिचडीत आपलं म्हणावं असं फारसं काही उरत नाही, आणि तरी तिच्याइतका मराठी पदार्थ शोधून सापडायचा नाही. पेरूहून किंवा ब्राझीलहून एखादी मुलगी आपल्याकडे शिकायला आली, तर आषाढीला तिला ही खिचडी वाढून या गप्पा माराव्यात. स्टॉलवर ‘पारंपरिक’ अशी पाटी लावली, की अशा गप्पांना जागाच राहत नाही. परंपरा जणू सीलबंद डब्यातून आली आणि ती तशीच पुढे द्यायची आहे.

सरकारी पातळीवर काही हालचाल दिसते. ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ या योजनेत महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावलेली आहे. त्या निमित्ताने मुलं इकडून तिकडे जातात, नाचतात, खाद्यमहोत्सव करतात, परत येतात. यातलं खरं मर्म मात्र उन्हाळ्यात आहे. ओडिशात कडक उन्हाच्या दिवसांत पखाळ खातात: भात पाण्यात घालून आंबवलेला, सोबत भाजी, तळलेली मासळी. कोकणात पेज, देशावर ज्वारीची आंबील, त्यामागचं डोकं तेच. भर मे महिन्यात भुवनेश्वरच्या वसतिगृहात दुपारी पखाळ खाल्लेल्या लातूरच्या मुलाला जे कळेल ते जानेवारीतल्या मांडवात कळणार नाही. या बाबतीत अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेने १९६६ मध्ये सुरू केलेल्या ‘सील’ उपक्रमाची रचना अधिक शहाणपणाची वाटते. संघटनेचं राजकारण पटो वा न पटो, ईशान्येतल्या विद्यार्थ्यांना मांडवात न उभं करता मराठी घरात मुक्कामाला ठेवायचं, ही कल्पना बरोबर आहे. मुक्कामाला राहिलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी उरलेली पोळी फोडणीला टाकलेली पाहतो. घर तेव्हा कळतं.

ब्रिटनमधल्या शीख विद्यार्थी मंडळांचंही उदाहरण घेण्यासारखं आहे. अनेक विद्यापीठांच्या आवारात ते लंगर लावतात. पैसे नाहीत, क्रमांक नाहीत. कुणीही यावं, जेवावं. जेवण डाळ-रोटीचंच. नांदेडच्या हुजूर साहिबला गेलेल्या मराठी माणसाला हे नवीन नाही, पण विद्यार्थ्यांनी विद्यापीठात तीच पद्धत चालवली, की जमिनीवर मांडी घालून बसताना अडखळणाऱ्या इंग्रज पोरालाही एका प्रथेचा अनुभव शरीरातून मिळतो, नुसता वाचून नव्हे.

मग करायचं काय? पहिली गोष्ट अगदी जमिनीवरची: वसतिगृहात विद्यार्थ्यांना स्वयंपाक करता येईल अशी जागा. आपल्या बहुतेक वसतिगृहांत खोलीत शेगडी सापडली की जप्त होते, आणि नियम आगीच्या भीतीने केलेला असल्याने त्याला चूक म्हणता येत नाही. परिणाम असा, की पोरं चहाच्या किटलीत मॅगी आणि अंडी उकडतात, आणि आगीचा धोका होता तेवढाच राहतो. प्रत्येक इमारतीत एक छोटं सामायिक स्वयंपाकघर, दोन-चार इंडक्शन शेगड्या, वास ओढणारा मोठा पंखा, नावं लिहायची वही आणि भांडी घासण्याची पाळी, एवढं पुरे. परदेशी विद्यापीठांच्या वसतिगृहांत हे सर्रास असतं, म्हणून तर परदेशी गेलेला मराठी मुलगा तिथे वरणफोडणी शिकतो आणि इथे चार वर्षं राहूनही शिकत नाही.

दुसरी गोष्ट मेसची. महिन्यातून एका दिवशी एखाद्या भागातल्या विद्यार्थ्यांनी मेसच्या मोठ्या कढईत, मेसच्याच काकूंबरोबर उभं राहून त्या दिवसाचं जेवण करावं. वेगळं कूपन नको, सजावट नको, नेहमीच्या वेळी नेहमीच्या ताटात. शे-दोनशे माणसांना पुरेल असं करताना त्रिपुराच्या मुलाला काकूंकडून शिकावं लागेल, की मिठाचा अंदाज ओंजळीने कसा घ्यायचा. काकूंना कळेल, की तेलाचा थेंब न टाकताही भाजी होते. या काकूंना आपण कुणी मोजतच नाही. बीड-जालन्याकडून, विदर्भातून पुण्यात आलेल्या, पोळ्यांचा डोंगर रोज लाटणाऱ्या या बायका म्हणजे वसतिगृहातल्या सगळ्यांत जाणत्या. त्यांच्या गावाकडची अंबाडीची भाजी, येसर, सांडगे मेसच्या आठवड्याच्या तक्त्यावर कधी येत नाहीत. तिथे येतं पनीर, आणि रविवारी पुन्हा पनीर. आफ्रिकेच्या, आसामच्या पदार्थाआधी परळी-परतूरच्या पदार्थाला एक वार मिळाला तर सुरुवात वाईट होणार नाही.

आणि एखादा दिवस फसणारच. कुणाला वास सहन होणार नाही, कुणी ताट तसंच सोडेल, कुणी समाजमाध्यमावर टिंगल करेल. अशा वेळी वॉर्डनने घाबरून प्रयोग बंद करू नये. न आवडणं हा गुन्हा नाही. कारल्याची भाजी आपल्याच घरात निम्म्या लोकांना आवडत नाही. ‘मला नको’ आणि ‘तू करू नकोस’ यांतला फरक अठरा वर्षांच्या मुलांना मेसच्या टेबलावर शिकवता येतो.

मेसची कंत्राटं साधारण एप्रिल-मे महिन्यात, नवे प्रवेश सुरू होण्याआधी नव्याने ठरतात. त्या कागदात दोन कलमं घालायला हरकत नसावी: महिन्यातून एकदा कढई विद्यार्थ्यांच्या हाती, आणि आठवड्यातून एक जेवण मेसमध्ये काम करणाऱ्यांच्या पसंतीचं. कंत्राटदार पहिला आक्षेप गॅसच्या आणि वाया जाणाऱ्या अन्नाच्या खर्चाचा घेईल. तो खर्च भरून काढायला वार्षिक महोत्सवाचा मांडव, ध्वनिक्षेपक आणि बक्षिसांच्या ढाली यांची बिलं एकदा काढून पाहावीत.